बाबांसाठी, आजोबांसाठी पॅड घ्यायचंय? दुकानात जाण्याआधी हे वाचा

तुमच्या घरातले बाबा, आजोबा किंवा काका हल्ली बाहेर जायचं टाळतात का? लग्नाचं आमंत्रण आलं की "तुम्हीच जाऊन या" म्हणतात? कुठेही गेल्यावर आधी बाथरूम कुठे आहे ते विचारतात? पहाटे कोणी उठायच्या आत स्वतःचा पायजमा स्वतःच धुऊन वाळत घालतात?

आमच्या घरी हे सगळं वर्षभर चाललं होतं आणि आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आम्ही रायपूरच्या भनपुरीत राहतो. इथे लाकडाच्या वखारी आहेत (इकडे त्यांना टाल म्हणतात), कारखाने आहेत आणि दिवसरात्र ट्रकांची ये-जा आहे. आजोबांनी आयुष्यभर अशाच एका टालावर हिशेब लिहिले. निवृत्तीनंतर त्यांचा एकच शौक होता, चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाचा एकही कार्यक्रम चुकवायचा नाही. तो त्यांनी सोडला. मग दुपारचा चहा सोडला. गेल्या मे महिन्यात, रायपूरचं ऊन माणसाला भाजून काढत असताना, त्यांनी पाणीही जवळजवळ सोडलं आणि एके दिवशी अंगणात चक्कर येऊन बसले. तेव्हा आजीने आईला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना लघवी थांबत नाही गं. कपडे ओले होतात म्हणून पाणीच पीत नाहीत."

पुढचं काम माझ्याकडे आलं. घरात फोनवर शोधाशोध करणारी मीच. मी जवळच्या मेडिकलमध्ये जाऊन डायपर मागितला. काउंटरवरच्या मुलाने मोठ्याने विचारलं, "बच्चे का?" मी "बडों का" म्हटल्यावर त्याने मागून एक भलंमोठं पाकीट काढून दिलं. माप विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. घरी आल्यावर तो चिकटपट्ट्यांचा डायपर आजोबांना कमरेत सैल आणि मांडीत घट्ट झाला. दुसऱ्याच दिवशी बाजूने गळला. आजोबांनी ते पाकीट कपाटामागे सरकवून दिलं आणि दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत.

माझी पहिली चूक मापाची नव्हती. लघवी का गळते हे न बघताच मी ती झाकायला निघाले होते.

गळती कोणत्या प्रकारची?

पुरुषांमध्ये ही तक्रार वेगवेगळ्या कारणांनी होते आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. काहींना लघवी करून पँटची चेन लावल्यावर चार-सहा थेंब येतात. हे फार पुरुषांना होतं, तरुणांनाही. यासाठी पॅडची गरज बहुतेक वेळा नसतेच. लघवी झाल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, वृषणांच्या मागच्या बाजूला दोन बोटांनी हलका दाब देत पुढे आणायचं, म्हणजे नळीत राहिलेले थेंब तिथेच निघून जातात. एवढं साधं आहे, पण सांगत कोणी नाही.

काहींना खोकताना, उठताना, वजन उचलताना गळती होते. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर, विशेषतः कॅन्सरसाठी प्रोस्टेट काढल्यावर, हे होतं आणि बहुतेकांचं काही महिन्यांत बरंच कमी होतं. काहींना अचानक इतकी जोरात लागते की बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. मधुमेह, पक्षाघात, पार्किन्सन्स असलेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. संडास-बाथरूम अंगणाच्या टोकाला असेल आणि गुडघे दुखत असतील, तर मूत्राशय ठणठणीत असूनही कपडे ओले होतात. अशा वेळी पलंगाजवळ ठेवलेलं लघवीचं भांडं महागड्या डायपरपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आणि एक चौथा प्रकार आहे, आमच्या आजोबांचा. प्रोस्टेट वाढली की लघवीची वाट अरुंद होते आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. मग छतावरची टाकी भरून वाहावी तसं ते थेंब-थेंब वाहत राहतं. वरून दिसते गळती, पण खरी अडचण लघवी तुंबण्याची असते. आजोबा लघवी करून आल्यावर त्यांची पुन्हा सोनोग्राफी केली तेव्हा मूत्राशयात पाव लिटरहून जास्त लघवी तशीच होती. डॉक्टर म्हणाले, हे असंच राहिलं असतं तर मूत्रपिंडांवर ताण आला असता. मी नुसते डायपर आणत बसले असते तर आम्हाला हे कळलंच नसतं.

म्हणून पॅड आजच आणा, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळही घ्या. रायपूरकरांसाठी टाटीबंधच्या एम्समध्ये आणि डीकेएस सुपर स्पेशालिटीमध्ये मूत्ररोग विभाग आहेत. लघवीतून रक्त येत असेल, थंडी-ताप आणि जळजळ असेल, पोटाचा खालचा भाग फुगून लघवीच होत नसेल, किंवा गळतीबरोबर पायांत अचानक अशक्तपणा, बसायच्या जागी बधिरपणा वाटत असेल, तर आठवडाभरही थांबू नका, त्याच दिवशी जा.

स्वयंपाकघरातला काटा काढा

आता निवडीचं बघू. दुकानदार विचारेल "बडा चाहिए कि मीडियम?" पण त्याआधी तुम्हाला एक गोष्ट माहीत हवी, ती म्हणजे दिवसाला गळतं किती.

ते मोजायची रीत डॉक्टरही वापरतात आणि ती घरी जमते. एका कोऱ्या पॅडचं वजन करा. चोवीस तासांत वापरलेली सगळी पॅड एका बंद पिशवीत ठेवा आणि शेवटी एकत्र वजन करा. त्यातून कोऱ्या पॅडांचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. समजा दिवसात तीन पॅड लागली, कोरं पॅड ४० ग्रॅमचं आणि ओली तिन्ही मिळून २७० ग्रॅम, तर गळती झाली १५० मिली. (काट्यावर आधी प्लॅस्टिक अंथरा. माझ्या आईने तरीही नवा काटा घ्यायला लावला.)

सोबत वहीत वेळा लिहा. कधी गळलं, काय करताना गळलं, त्याआधी किती पाणी किंवा चहा झाला होता. आजोबांना हे काम मनापासून आवडलं. शेवटी हिशेबनीसच ते. त्यांच्या तीन दिवसांच्या नोंदी बघून डॉक्टरांचे निम्मे प्रश्न आपोआप मिटले.

पाकिटावर "इतके मिली शोषून घेते" असं लिहिलेलं असेल तर त्यावर आंधळेपणाने जाऊ नका. १९९६ सालच्या आयएसओ ११९४८ या चाचणीत पॅड पूर्ण बुडवून, मग निथळून, ते किती धरून ठेवतं ते मोजतात. अंगावर घातलेलं पॅड एकाच जागी, एकदम आणि शरीराच्या दाबाखाली भिजतं. त्यामुळे ते त्या आकड्याच्या बरंच आधी गळू लागतं. आतली पांढरी भुकटी सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची असते. ती शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या कित्येक शेपट पिते, पण लघवीत क्षार असल्यामुळे तिची ताकद खूपच कमी होते.

काय काय मिळतं?

थोडी गळती असेल तर पुरुषांचं गार्ड पॅड. हे पुढच्या बाजूला वाटीसारखं खोलगट असतं आणि मागची चिकटपट्टी चड्डीला लावायची असते. चड्डी मात्र अंगासरशी बसणारी हवी. आजोबांची नाडीची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी इथे चालत नाही, पॅड आत लोंबकळतं. घरात बायकांची सॅनिटरी पॅड असतात म्हणून तीच वापरून बघायचा मोह होतो. ती रक्तासाठी बनलेली असतात. रक्त हळू येतं, लघवी एकदम येते, शिवाय पुरुषांची लघवी पडते ती जागाही वेगळी. गार्ड पॅड आमच्या भागातल्या मेडिकलमध्ये मिळालं नाही, ऑनलाइन मागवावं लागलं.

हिंडत्याफिरत्या माणसाची गळती जास्त असेल तर पँटसारखी चढवायची पुल-अप. फ्रेंड्स, लाइफ्री, डिग्निटी अशा कंपन्यांची बहुतेक मेडिकलमध्ये मिळतात. माणूस स्वतः घालतो, स्वतः काढतो, आणि हीच तिची खरी किंमत. ओली झाल्यावर पायांतून खाली ओढायची नाही, दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडून काढायची. चिकटपट्ट्यांचा डायपर हा अंथरुणाला खिळलेल्या किंवा दुसऱ्याच्या मदतीने कपडे बदलणाऱ्या माणसासाठी. मी चालत्याफिरत्या आजोबांसाठी नेमका तोच आणला होता!

कमरेचं माप टेपने घ्या, पँटच्या मापावरून अंदाज करू नका. बेंबीच्या खाली एकदा आणि नितंबांवरून एकदा, जे मोठं ते धरा. "मोठा घेतला की जास्त शोषेल" हा समज चुकीचा आहे. सैल डायपर मांडीच्या फटीतून गळतोच. आणि डायपरच्या आत दुसरा डायपर घालू नका. आतल्याला मागे प्लॅस्टिकचा थर असतो, तो भरला की लघवी खालच्यात न जाता बाजूने बाहेर येते.

चौथी गोष्ट म्हणजे कंडोम कॅथेटर. लिंगावर रबरी किंवा सिलिकॉनचं आवरण चढवायचं, त्याला नळी आणि नळीला पिशवी. रात्रभराच्या झोपेसाठी किंवा लांबच्या प्रवासासाठी काहींना हे पॅडपेक्षा सोयीचं जातं, कारण कातडी ओली राहत नाही. इथेही माप हाच कळीचा मुद्दा, आणि यावर एक किस्सा सांगायलाच हवा. अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतले अंतराळवीर लघवीसाठी असंच आवरण वापरत. ते लहान, मध्यम आणि मोठं अशा तीन मापांत यायचं. मायकल कॉलिन्स यांनी लिहून ठेवलंय की अंतराळवीर या मापांना चेष्टेने 'एक्स्ट्रा लार्ज', 'प्रचंड' आणि 'अविश्वसनीय' म्हणत. लहान माप मागायला कोणाला आवडणार? पण मोठं घेतलं तर गळतं, चंद्राच्या वाटेवरही आणि भनपुरीतही. तेव्हा पुरुष मंडळींनो, पाकिटासोबत मापाची पट्टी येत असेल तर ती प्रामाणिकपणे वापरा.

हे आवरण लावताना आसपासचे केस कापून घ्या, जागा धुऊन पूर्ण कोरडी करा, टोकाशी थोडी मोकळी जागा सोडा. वरून साधी चिकटपट्टी गच्च गुंडाळू नका, रक्तपुरवठा थांबू शकतो. रोज बदला, पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर ठेवा. लेटेक्सने खाज आली तर सिलिकॉनचं घ्या. आणि ज्यांची लघवी तुंबते त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वापरू नये.

धुऊन वापरायच्या शोषक चड्ड्याही मिळतात. चार थेंबांसाठी त्या छान आहेत, पण पावसाळ्यात वाळत नाहीत. पलंगावर अंथरायचं अंडरपॅड मात्र जरूर घ्या. गादी वाचते आणि माणूस निर्धास्त झोपतो.

घालायची पद्धत

आमचा गळतीचा निम्मा प्रश्न एका वाक्याने सुटला आणि ते वाक्य एका नर्सताईंचं होतं: "लिंग खालच्या दिशेला ठेवा." वर किंवा बाजूला राहिलं तर लघवी पॅडच्या वरच्या कडेकडे जाते आणि कमरेतून बाहेर येते. पॅड कितीही महाग असो. आईला हे आजोबांना सांगणं शक्य नव्हतं, मलाही नव्हतं. शेवटी बाबांनी सांगितलं, तेही टीव्हीकडे बघत.

चिकटपट्ट्यांचा डायपर घालण्याआधी लांबीत दुमडून त्याला नावेसारखा आकार द्या. माणसाला कुशीवर वळवून मागचा भाग नीट सरकवा. आधी खालच्या पट्ट्या किंचित वरच्या बाजूला तिरक्या लावा, मग वरच्या. मांडीजवळच्या चुणीदार झालरी बोट फिरवून बाहेर काढा, आत दुमडलेल्या राहिल्या तर तिथूनच ओघळ येतो.

बदलायचं कधी? ओलेपणा दाखवणारी रेघ असेल तर ती बघा, नसेल तर पॅड जड वाटलं की बदला. संडास झाली असेल तर लगेच, एक मिनिटही थांबू नका.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात कातडीची काळजी हेच मोठं काम असतं. दर वेळी साध्या पाण्याने धुवा, घासू नका, मऊ कापडाने टिपून कोरडं करा. डेटॉल नको, पावडरचे थर नकोत. पावडर घामाने गोळा होते आणि जांघेत काचते. झिंक ऑक्साइडचं मलम अगदी पातळ लावा. व्हॅसलिन थापलं तर ते पॅडच्या वरच्या थराला लागतं आणि पॅड शोषत नाही. दिवसातून थोडा वेळ, अंडरपॅडवर झोपून, जागा मोकळी सोडा. जांघेत लाल चट्टा आणि त्याभोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती बहुधा बुरशी असते. घरातलं कुठलंही मलम न लावता डॉक्टरांना दाखवा.

आणि पाणी तोडू नका. पाणी कमी प्यायल्यावर लघवी दाट होते, मूत्राशयाला झोंबते आणि घाई उलट वाढते. बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच. दिवसा नीट प्यायचं, झोपण्याआधीचे दोन-तीन तास हात आखडायचा. रक्तदाबाची काही औषधं लघवी वाढवणारी असतात. त्यांची वेळ सकाळी करता येईल का, ते डॉक्टरांना विचारा, मनाने बदलू नका.

खर्च आणि कचरा

दिवसाला तीन म्हणजे महिन्याला नव्वद. पाकिटाची किंमत नगांनी भागून एका नगाचा भाव काढा आणि मगच दोन कंपन्यांची तुलना करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय, तेव्हा जुना साठा जुन्या भावाने गळ्यात पडत नाही ना ते बघा. आम्ही दिवसा गार्ड पॅड, रात्री पुल-अप असं वाटून घेतलं आणि खर्च बराच उतरला. पहिल्यांदा मोठं पाकीट घेऊच नका. लहान घ्या, दोन दिवस वापरा, मग ठरवा.

वापरलेला डायपर संडासात टाकायचा नाही, नालीत तर नाहीच. घनकचरा नियमांत तो सॅनिटरी कचऱ्यात मोडतो आणि गुंडाळून, वेगळा करून द्यायचा असतो. कागदात गुंडाळून त्यावर खूण केलीत तर कचरा वेगळा करणाऱ्या ताईंचे हात वाचतील.

घरात हे जमतं. बाहेर? पुरुषांच्या स्वच्छतागृहात कचऱ्याचा डबा तुम्ही कधी पाहिलाय? मी बाबांना विचारलं, त्यांना आठवेना. बायकांच्या स्वच्छतागृहात निदान काही ठिकाणी तरी असतो. ब्रिटनमध्ये प्रोस्टेट कॅन्सर यूके या संस्थेने याच मागणीसाठी 'बॉइज नीड बिन्स' नावाची मोहीम चालवली. जपानमध्येही पुरुषांच्या स्वच्छतागृहांत असे डबे बसवायला सुरुवात झाली आहे. आपल्याकडे वापरलेलं पॅड खिशात घालून घरी आणावं लागतं. आजोबांनी मंडळात जाणं सोडलं त्याचं हेही एक कारण होतं, हे त्यांनी आम्हाला फार नंतर सांगितलं. त्यांनी तेव्हा रुमालांची घडी वापरली होती आणि ती कुठे टाकावी हे त्यांना कळेना.

बोलायचं कसं?

'डायपर' हा शब्द आमच्या घरात आता कोणी वापरत नाही. 'पॅड' किंवा 'पँट' म्हणतो. सगळ्यांसमोर "आजोबा, बदललं का?" असं विचारत नाही. पाकीट त्यांच्या कपाटात, त्यांच्या हाताला येईल असं ठेवलंय आणि संपत आलं की ते मला मोबाइलवर फक्त एक आकडा पाठवतात, किती नग उरले तो. सून किंवा नात मदत करते तेव्हा त्यांना ओशाळल्यासारखं होतं, म्हणून अंगाला हात लावायचं काम बाबांकडे आणि दुकानाचं माझ्याकडे. आजारी सासऱ्यांचं सगळं सुनेनेच करायचं, अशी आपल्याकडे सवय पडून गेली आहे. घरात धडधाकट मुलगा असताना त्याने मागे का राहावं, हे मला अजून समजलेलं नाही.

आजोबांना आधी औषधं दिली, नंतर दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. त्यानंतर काही आठवडे उठता-बसताना थोडी गळती राहिली. डॉक्टरांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम दिला. वायू अडवताना जसं आवळतो तसं आवळायचं, काही सेकंद धरायचं, सोडायचं, दिवसातून तीन वेळा. लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. आता दिवसाला एक गार्ड पॅड पुरतं, आणि तेही बऱ्याचदा कोरडंच निघतं.

फेब्रुवारीत नागपूरला लग्न होतं. रायपूरहून साधारण तीनशे किलोमीटर, रेल्वेने पाचेक तास. आजोबांनी स्वतःच पिशवी भरली: चार पॅड, एक पुल-अप, एक जास्तीचा पायजमा, ओले पुसणे, जुन्या वर्तमानपत्राचे कागद आणि दोन गडद रंगाच्या पिशव्या. जागा बाथरूमजवळच्या डब्याच्या टोकाची मागितली होती. गोंदियाला गाडी थांबली तेव्हा त्यांनी स्वतः हाक मारून चहावाल्याला बोलावलं आणि आजीसाठीही एक घेतला.